बट देन, इव्हन दो, ओन्ली इफ: या जोड्या नेमक्या बसतात कशा

इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडा, कंजंक्शनचा धडा एकीकडे, अ‍ॅडव्हर्बचा धडा दुसरीकडे, आणि या दोघांची पुस्तकभर कुठे गाठच पडत नाही. बोलताना मात्र हे दोघं सारखे एकमेकांना चिकटून येतात. इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे ती माणसं दरवेळी नुसतं ‘बट’ म्हणून थांबत नाहीत, ‘बट स्टिल’ म्हणतात, ‘बट देन’ म्हणतात, ‘इफ’च्या आधी ‘ओन्ली’ किंवा ‘इव्हन’ लावतात, ‘बिकॉज’च्या आधी ‘जस्ट’. आणि आपल्यासारख्यांचं इंग्रजी ऐकताना जे काहीतरी खटकतं ना, की टेन्स बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, तरी वाक्य जरा उघडंबोडकं वाटतंय, ते माझ्या मते बऱ्याचदा इथेच अडलेलं असतं. मी रोज दुसऱ्यांचे इंग्रजी मेल आणि रिपोर्ट दुरुस्त करतो, त्यामुळे या जोड्यांवर माझा जरा जास्तच जीव आहे, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

व्याख्या पटकन उरकतो. दोन वाक्यं जोडतो तो कंजंक्शन, आपलं उभयान्वयी अव्यय. क्रिया कशी, कधी, किती झाली ते सांगतो तो अ‍ॅडव्हर्ब, आपलं क्रियाविशेषण अव्यय. शाळेत पाठ केलेलं आहे सगळ्यांनी.

आता खरी गंमत. कंजंक्शनमध्ये दोन घराणी आहेत. पहिलं कोऑर्डिनेटिंग, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं वजन देणारं. त्यात फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो हे सात, इंग्रजी शाळांमध्ये यांच्या पहिल्या अक्षरांचा ‘फॅनबॉइज’ असा शब्द करून पाठ करून घेतात. दुसरं सबऑर्डिनेटिंग, म्हणजे एका वाक्याला दुसऱ्याच्या आधाराला बसवणारं: बिकॉज, इफ, दो, ऑलदो, व्हेन, व्हाइल, अनलेस, अंटिल वगैरे बरीच मोठी यादी. आणि अ‍ॅडव्हर्ब या दोन घराण्यांशी अगदी उलट वागतो. पहिल्या घराण्यात तो मागे येतो: अँड देन, अँड सो, बट स्टिल, ऑर एल्स. दुसऱ्या घराण्यात तो पुढे बसतो: जस्ट बिकॉज, इव्हन इफ, ओन्ली व्हेन, एस्पेशली इफ. उलट करून बघा. ‘स्टिल बट’ होत नाही, ‘इव्हन अँड’ होत नाही, ‘सिंप्ली बिकॉज’ होतं पण ‘बिकॉज सिंप्ली’ म्हटलं की ऐकणारा पुढे अजून काहीतरी येणार म्हणून वाट बघत बसतो.

हे असं का, तर दोन्हीकडे अ‍ॅडव्हर्बचं काम वेगळं आहे. ‘बट स्टिल आय वेंट’ या वाक्यातला ‘स्टिल’ खरं म्हणजे ‘बट’चा कोणी नाहीच, तो ‘वेंट’चा आहे, फक्त ‘बट’च्या शेजारी येऊन उभा राहिलाय. म्हणून त्याला हलवता येतं, ‘बट आय स्टिल वेंट’, आणि असं हलवलेलंच जास्त सहज वाटतं, मी मेलमध्ये नव्वद टक्के वेळा तेच करून देतो. ‘जस्ट बिकॉज’मधला ‘जस्ट’ मात्र ‘बिकॉज’लाच चिकटलेला आहे, कारण किती मोठं किंवा किती फुटकळ ते तो मोजतोय, त्याला तिथून उचलला तर अर्थच जातो. ‘मेनली बिकॉज’ म्हणजे मुख्य कारण हे, ‘पार्टली बिकॉज’ म्हणजे यातलं थोडंसं कारण हे, ‘प्रिसाइजली बिकॉज’ म्हणजे तुला जे विरुद्ध वाटतंय नेमकं त्याच कारणामुळे. एकट्या ‘बिकॉज’ने हे काहीच सांगता येत नाही.

याचं एक उदाहरण नीट जवळून बघू, कारण मला ते फार आवडतं. ‘आय डिडंट कॉल यू बिकॉज आय वॉज अँग्री.’ काय अर्थ झाला? एक तर, मी चिडलो होतो म्हणून फोन केला नाही. किंवा, फोन केला, पण चिडलो होतो म्हणून नव्हे, कारण वेगळंच होतं. म्हणजे फोन झाला की नाही झाला इथपासून घोळ! नकार ‘कॉल’वर पडतोय की ‘बिकॉज’वर, ते लिखाणात कळायला मार्गच नाही, बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं तेवढंच. आता मध्ये एक छोटासा ‘जस्ट’ टाका: ‘आय डिडंट कॉल यू जस्ट बिकॉज आय वॉज अँग्री.’ लगेच दुसरा अर्थ वर येतो, फोन केला होता आणि रागाशिवाय बाकीही कारणं होती. आणि पहिलाच अर्थ हवा असेल तर कारण पुढे आणा, ‘बिकॉज आय वॉज अँग्री, आय डिडंट कॉल यू’, संपला विषय. चार अक्षरांच्या अ‍ॅडव्हर्बने नकाराचं तोंड फिरवलं, आणि हे शाळेच्या पुस्तकात सहसा कुठे कोपऱ्यात तळटीप म्हणूनही येत नाही.

‘जस्ट बिकॉज’ची अजून एक खास ठेवण आहे, ‘जस्ट बिकॉज ही इज क्वाएट डझंट मीन ही अ‍ॅग्रीज.’ गप्प बसला म्हणजे पटलं असं नाही. व्याकरणाच्या चष्म्यातून बघितलं तर हे वाक्य विचित्रच आहे, ‘डझंट मीन’चा कर्ता कोण? तर अख्खं ‘जस्ट बिकॉज’वालं वाक्य. कडक मास्तर लोक याला नाकं मुरडतात. पण रोजच्या बोलण्यात हे इतकं पक्कं रुळलंय की बिनधास्त वापरा, फक्त फारच औपचारिक लिखाण असेल तर ‘द फॅक्ट दॅट’ने सुरू करा.

आता ‘इव्हन’. सगळ्यात जास्त चुका इथे. पहिली गोष्ट, ‘इव्हन’ला एकट्याने वाक्यं जोडता येत नाहीत. ‘इव्हन आय टोल्ड हिम, ही डिडंट कम’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे, कारण ‘इव्हन’ नुसता अ‍ॅडव्हर्ब आहे, त्याच्यामागे ‘दो’, ‘इफ’ किंवा ‘व्हेन’ असा कुणीतरी जोडणारा लागतोच. दुसरी गोष्ट, ‘इव्हन दो’ आणि ‘इव्हन इफ’. ‘इव्हन दो ही नोज, ही वोंट टेल’ म्हणजे त्याला माहीत आहे, ते नक्की आहे, आणि तरी सांगणार नाही. ‘इव्हन इफ ही नोज, ही वोंट टेल’ म्हणजे माहीत आहे की नाही देव जाणे, असलं तरी सांगायचा नाही. मराठीत ‘माहीत असलं तरी’ने दोन्ही भागतं, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्ही एकमेकांच्या जागी खपवतो. एखाद्या तक्रारीच्या मेलमध्ये ‘इव्हन इफ आय पेड द फी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की फी भरली की नाही ते याचं यालाच माहीत नाही! तिथे ‘इव्हन दो’च पाहिजे.

आणि ‘इव्हन अ‍ॅज’. हे बातम्यांच्या इंग्रजीत फार येतं आणि बरेच जण त्याचा अर्थ ‘जरी’ असा लावतात. त्यात तो विरोधाचा वास असतो खरा, पण मूळ अर्थ ‘नेमकं त्याच वेळी’. चर्चा चालू असतानाच तिकडे गोळीबारही चालू होता, असं काहीतरी. ‘जस्ट अ‍ॅज’सुद्धा असाच दुहेरी, कधी ‘अगदी त्याच क्षणी’, कधी ‘अगदी तसंच’. पुढचं मागचं वाचून ठरवायचं.

मजा म्हणजे ‘ऑलदो’ हा शब्द स्वतःच अशी जुनी जोडी आहे. जुन्या इंग्रजीनंतरच्या काळात ‘ऑल’ आणि ‘दो’ हे दोन वेगळे शब्द होते, तिथे ‘ऑल’चं काम आजच्या ‘इव्हन’सारखंच, जोर देण्याचं. दोघं बोलून बोलून एक झाले आणि जोर पार निघून गेला. आज ‘ऑलदो’ म्हणजे नुसतं ‘दो’, थोडं सभ्य कपड्यांतलं. मग जोर द्यायला लोकांनी पुन्हा ‘दो’च्या पुढे ‘इव्हन’ लावला. म्हणजे तीच खटपट पुन्हा पहिल्यापासून. ‘अ‍ॅज’ हाही ‘ऑल्सो’चाच झिजून उरलेला तुकडा आहे, आणि ‘देन’ म्हणजे नंतर आणि तुलनेतला ‘दॅन’ हे एकेकाळी एकच शब्द होते, त्यामुळे आज कुणी स्पेलिंगमध्ये त्यांची अदलाबदल करतो तेव्हा मी मनातल्या मनात त्याला थोडी सूट देतो. (दुरुस्त मात्र करतो.) ‘बट’चा मूळ अर्थ ‘बाहेर, वगळून’, ‘एव्हरीवन बट हिम’मध्ये तो अजून शिल्लक आहे. थोडक्यात काय, आज जे कंजंक्शन म्हणून मिरवतात त्यातले बरेच जण कधीतरी अ‍ॅडव्हर्बच होते. अजूनही नवे येतायत, ‘वन्स यू फिनिश, कॉल मी’मधला ‘वन्स’ बघा, आणि ब्रिटिश इंग्रजीत तर ‘इमिजिएटली ही लेफ्ट’ म्हणजे ‘तो गेल्या गेल्या’ असंही चालतं.

‘ओन्ली’वर वेगळा लेख होईल, पण कामापुरतं सांगतो. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांची दिशा उलटी असते. ‘यू कॅन लॉग इन इफ द पासवर्ड इज करेक्ट’ म्हणजे पासवर्ड बरोबर असला की झालंच काम. ‘यू कॅन लॉग इन ओन्ली इफ द पासवर्ड इज करेक्ट’ म्हणजे पासवर्ड बरोबर असायलाच हवा, पण तेवढ्याने भागेल असं नाही, अकाउंट ब्लॉक असेल तर बसा बोंबलत. नियम, अटी, करार असलं काही वाचताना हा एक शब्द बारकाईने बघत जा, ‘इफ’ वाचून खूश व्हायचं आणि आधीचा ‘ओन्ली’ नजरेतून सुटायचा असं फार होतं. गणितवाल्यांना दोन्ही दिशा एकदम लागतात म्हणून ते ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणतात, आणि तेही सारखं सारखं लिहायचा कंटाळा म्हणून ‘इफ’लाच शेवटी एक एफ जास्त लावून लिहितात. ही युक्ती पॉल हाल्मोस या गणितज्ञाची मानली जाते, छापील पुस्तकात ती 1955 मध्ये आली. आणि क्रम उलटा केला, ‘इफ ओन्ली’, की अट वगैरे सगळं गायब, राहते फक्त हळहळ: ‘इफ ओन्ली आय हॅड नोन!’, कळलं असतं तर!

‘ओन्ली’ची जोडी वाक्याच्या सुरुवातीला आणली की पुढच्या वाक्याची उलटापालट होते, ‘ओन्ली व्हेन ही लेफ्ट डिड आय अंडरस्टँड’. ‘डिड आय’ होतं ते मुख्य वाक्यात, ‘ही लेफ्ट’ तसंच्या तसं. नॉट ओन्ली, नो सूनर, हार्डली, हे सगळे याच पंथातले. परीक्षेत ‘नो सूनर’ला इतके मार्क असतात की वाटतं लोक उठता बसता हेच बोलत असतील, पण खरं सांगायचं तर बोलताना ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणून मोकळे होतात सगळे.

परत पहिल्या घराण्याकडे. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ हे तिघं पक्के, एका सांध्यात यातला एकच मावतो. ‘अँड बट’ कधीच नाही. मग ‘अँड येट’ आणि ‘अँड सो’ कसे चालतात, तेही फॅनबॉइजच आहेत ना? कारण ‘येट’ आणि ‘सो’ अर्धे अजून अ‍ॅडव्हर्बच आहेत, पूर्ण कंजंक्शन झालेले नाहीत. त्यामुळे ‘अँड’ आला की ते गुमान अ‍ॅडव्हर्ब होऊन मागे बसतात.

यावरूनच एक जुनं कोडं सुटतं, जे मला शाळेत कुणी कधी उलगडून सांगितलं नाही. आपण ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ येतो, ‘जर’ला ‘तर’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’, म्हणून इंग्रजीतही ‘ऑलदो इट वॉज लेट, बट ही केम’ असं तोंडात येतं. चूक, लाल पेन. पण मग ‘इफ इट इज लेट, देन डोंट कम’ कसं चालतं? तिथेही जोडीच आहे की! तर ‘देन’ अ‍ॅडव्हर्ब आहे. ‘इफ’ने सांधा आधीच जोडलाय, ‘देन’ पलीकडच्या वाक्यात आपलं आपलं बसलाय, गर्दी होत नाही. ‘बट’ मात्र कंजंक्शन, म्हणजे एका सांध्यावर दोघं जोडणारे झाले. ‘ऑलदो इट वॉज लेट, ही स्टिल केम’ एकदम बरोबर, कारण ‘स्टिल’ अ‍ॅडव्हर्ब. ‘बिकॉज’नंतर ‘सो’ लावणं याच कारणाने चूक. म्हणजे ‘जोडीने आले की चूक’ असा नियम नाहीच, जोडीतला दुसरा कोण आहे ते बघायचं.

‘बट देन’ हे माझं सगळ्यात लाडकं. ‘हिज इंग्लिश इज वीक, बट देन ही स्टार्टेड लास्ट मंथ.’ इथे ‘देन’ म्हणजे ‘नंतर’ अजिबात नाही. आधी जे बोललो त्याची धार कमी करणारं, ‘पण तसं बघायला गेलं तर’, ‘पण म्हणा’. नुसता ‘बट’ विरोध करतो, ‘बट देन’ समजून घेतो. त्याला ‘अगेन’ जोडलं, ‘बट देन अगेन’, की माणूस स्वतःच्याच मतावरून मागे फिरतोय. जायला हवं, पण म्हणा काय अडलंय, असं. ‘ऑर एल्स’ची तऱ्हा आणखी वेगळी, पुढे वाक्य आलं तर साधं ‘नाहीतर’, आणि वाक्य तिथेच तोडलं तर सरळ धमकी. ‘फिनिश इट बाय मंडे, ऑर एल्स.’ पुढे काय ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

‘हाउएव्हर’बद्दल दोन शब्द, कारण ऑफिसातल्या मेलमध्ये याचा फार छळ होतो. तो ‘बट’चा सुटाबुटातला भाऊ नाही. तो कंजंक्शनच नाही, त्यामुळे त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम टाकून दोन वाक्यं चिकटवता येत नाहीत, पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. आणि ‘बट हाउएव्हर’ तर नकोच, दोन्ही तेच सांगतात. फरक हवा असेल तर आपल्या ‘पण’ आणि ‘मात्र’कडे बघा. ‘पण तो आला’मध्ये ‘पण’ सुरुवातीलाच, हलत नाही (हलवला तर ‘तो पण आला’ म्हणजे ‘तोही आला’, भलतंच). ‘तो मात्र आला’मध्ये ‘मात्र’ आत शिरून बसतो. ‘हाउएव्हर’ असाच आत शिरू शकतो, ‘ही, हाउएव्हर, केम’. ‘बट’ला ते जमत नाही.

थोडं डोकं खाणारं एक, नको असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ बघा: लाँग बिफोर, जस्ट आफ्टर, राइट बिफोर, शॉर्टली आफ्टर, थ्री डेज आफ्टर. यांच्या पुढे काहीही लावता येतं, आणि मागे वाक्य येवो, नाम येवो किंवा काहीच न येवो, शब्द तोच, अर्थ तोच. वाक्य आलं तर म्हणे कंजंक्शन, नाम आलं तर प्रिपोझिशन, काही नाही आलं तर अ‍ॅडव्हर्ब. एकाच शब्दाला तीन आधार कार्डं कशाला? येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1924 मध्येच म्हटलं होतं की या सगळ्यांना एका वर्गात घाला. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या जाडजूड व्याकरणात तर यातल्या बहुतेक सबऑर्डिनेटिंग कंजंक्शनना थेट प्रिपोझिशन म्हटलंय. आणि आपण? क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी, चौघांच्याही मागे ‘अव्यय’ लावून शाळेतच एका घरात राहायला घातलेलं. मला हे फार भारी वाटतं.

बोलण्यातलं एक राहिलंच, शेवटी येणारा ‘दो’. ‘इट वॉज गुड, दो.’ हा अ‍ॅडव्हर्ब झाला, आधीच्या माणसाच्या बोलण्याला हळूच केलेला विरोध, ‘चांगलं होतं पण’. ‘ऑलदो’ला शेवटी असं बसता येत नाही, ‘इव्हन दो’लाही नाही. मित्राशी गप्पा मारताना हा एक ‘दो’ जमला तरी इंग्रजी एकदम मऊ होतं, कारण ‘बट’ने वाक्य सुरू केलं की भांडण काढल्यासारखं वाटतं आणि ‘दो’ मागून येतो तोवर बोलून झालेलं असतं.

आणि ‘बिकॉज’ने तर अलीकडे सगळ्यांनाच सोडलंय. मागे वाक्य नाही, ‘ऑफ’ नाही, नुसतं एक नाम: ‘आय एम लेट बिकॉज ट्रॅफिक’. इंटरनेटवर हे इतकं पसरलं की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने ‘बिकॉज’ला 2013 चा वर्ड ऑफ द इयर करून टाकला. चॅटवर खुशाल वापरा, मीही वापरतो, पण बॉसला पाठवायच्या मेलमध्ये तो ‘ऑफ’ परत घाला.